सुरीचं हरीण

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. मुलाने एकदा विचारलं तेव्हा विषय बदलला, बायकोलाही कधी सांगितली नाही. आता नात मोठी झाली आहे. ती खालच्या आजोबांची आठवण काढू लागली की मला तिथून उठून जावंसं वाटतं. म्हणून लिहितो आहे.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. मुलगा जर्मनीत इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि निवृत्त होऊन मी त्याच्याकडे राहायला गेलो होतो. आमच्या खालच्या मजल्यावर अलिबागकडचं एक कुटुंब होतं, मुलगी, जावई आणि मुलीचे वडील. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. हे वडील, म्हणजे नातीचे खालचे आजोबा, माझ्याच वयाचे, विधुर, आणि बोलणं असं की ऐकताना समुद्राचा वारा लागावा.

मी हौसेने जर्मनच्या वर्गाला जात होतो. त्यांना जर्मनचा एक शब्द येत नव्हता आणि शिकायचीही इच्छा नव्हती. "काय पुणेकर, आज किती पाठांतर झालं?" असं ते जिन्यात विचारत. पण झालं भलतंच. मला जर्मन कळतं म्हणून नात माझ्याशी जर्मनच बोलायची. त्यांच्याशी मात्र तिला मराठीच बोलावं लागे, आणि ती बोलायची, भरभरून, कोकणी हेल काढून. जिन्यातून येणारं ते बोलणं मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत असे आणि जळत असे. 

तळ्याकाठी हरणांचं आवार होतं. तिथे आम्ही तिघे जायचो. एकदा नातीने त्यांना विचारलं, "तुमच्या देवाला हरीण आवडतं?"

"आवडतं तर. खूर बघ, मधोमध फाटलेला. आणि तोंड बघ कसं हलतंय, रवंथ चाललंय. दोन्ही आहे, म्हणून शुद्ध."

"मग ते देवाला द्यायचं?"

"नाही गं. वेदीवर बैल, मेंढा, बोकड. हरीण कधीच नाही. ते घरी खायचं. सोवळ्यातल्याने आणि ओवळ्यातल्याने एकत्र बसून."

"तुम्ही खाता?"

"इथे कुठलं? इथे गोळी घालतात. आम्हाला सुरीने कापलेलं लागतं, रक्त वाहून गेलेलं. नाहीतर शुद्ध हरीणही आम्हाला चालत नाही."

नातीने त्यांचा हात धरला. मी मध्येच म्हटलं, "हरणाला जर्मनमध्ये हिर्श म्हणतात."

"आबा, वाइस इश," ती माझ्याकडे न बघताच म्हणाली. म्हणजे, माहितीये मला.

त्या शरद ऋतूत मुलाच्या एका जर्मन सहकाऱ्याने शिकार केलेल्या हरणाचं मांस दिलं. पिशवी दारात माझ्याच हातात दिली, तेव्हा नात शेजारी उभी होती. दुसऱ्या दिवशी तिला शाळेची सुट्टी होती, मुलगा आणि सून कामावर, बायको पुण्याला गेलेली. मी रस्सा केला. मांसाबरोबर त्यांना दूध-दही चालत नसे, म्हणून नारळाचं दूध घातलं. त्यांना जेवायला बोलावलं. भांड्यांचं ते फार मनावर घेत नसत, मांसाचं मात्र घेत. आमच्याकडे फक्त मासे किंवा भाजी खात.

माझ्या मनात काय होतं? त्यांनी एकदा ते खावं, आणि मग मी नातीला सांगावं, बघ तुझे शुद्ध आजोबा. एवढंच होतं. त्याहून चांगलं काही नव्हतं.

"आज हरीण आहे," मी म्हटलं.

त्यांनी घास उचलला आणि थांबले. "सुरीचं ना?"

"म्हणजे काय! म्युनिकला तुमच्या लोकांचं दुकान आहे, तिथलं."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. खाल्लं. "पुणेकर, नारळ जमला हो तुम्हाला. आमच्या हिची आठवण झाली." आणि आणखी घेतलं.

नात हात धुऊन आली. "खालचे आजोबा, तुम्ही हे खाताय? हे तर बाबांच्या मित्राने बंदुकीने मारलंय!"

सबंध वाक्य मराठीत. खरं सांगतो, त्या क्षणीही मला आधी त्याचाच हेवा वाटला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे. मग त्यांनी हात पुसला आणि तिला म्हणाले, "आबांची पिशवी बदलली असेल, बाळा. न कळत खाल्लं तर देव रागावत नाही."

 पिशवी एकच होती, हे नातीला माहीत होतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

त्यानंतर ते वर आले नाहीत. जिन्यात भेटले की हसायचे, पण पाठांतराचं विचारत नसत. हिवाळ्यात जावयाला दुसऱ्या गावी, नेकारसुल्मला नोकरी मिळाली. निघाले त्या दिवशी मी त्यांचं एक खोकं गाडीपर्यंत नेलं. रस्ताभर वाक्य जुळवत होतो.

"येतो, पुणेकर," ते म्हणाले. "तिला हरणं दाखवायला नेत जा."

"हो," मी म्हणालो. "थंडी फार आहे, मफलर नीट घ्या."

पुढे काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं. जुळवलेलं वाक्य अजून तसंच आहे: अहो, ते सुरीचं नव्हतं. मला माहीत होतं. मला माफ करा.