दोन गुंजांची टोपी

वहिनींच्या देव्हाऱ्यात चार बोटं उंचीची काशाची देवी होती. उजवा हात वर, डोक्यावर उंच टोपी. आमच्या बोरी गावच्या मास्तरांकडे चित्रांचं एक उर्दू पुस्तक होतं. निजामी अमलात शिकल्यामुळे मला ते वाचता येई. त्यात फिनिशियन लोकांचे काशाचे पुतळे होते. ही दर्यावर्दी माणसं नवस फेडायला ते देवळात वाहत, वर सोन्याचा पत्रा चढवत. उंच टोपीची तऱ्हा त्यांनी मिसरकडून, म्हणजे इजिप्तकडून उचलली, असंही लिहिलं होतं. टोपी जुळली, हात जुळला.

"वहिनी, ही आपली देवी न्हाई. दर्यापारची हाय."

"मग बोरीला पोहत आली का भावजी? मानवतच्या ओताऱ्यानं करून दिली."

"त्यानं जुनीच गळ्यात मारली तुमच्या. तुमी ओतताना पाहिली का?"

"तपासून आणून देतो," म्हणालो. मी मूर्ती घरी आणली. जोखली, अकरा तोळे भरली. सोनं दिसतं का म्हणून टोपीचा शेंडा कानशीनं घासला. सोनं नव्हतं. कीस फुंकरीनं उडवला आणि पुन्हा जोखली. दोन गुंजा कमी.

बाजारच्या दिवशी मानवतला जाऊन ती ओताऱ्यापुढे ठेवली. तो हसला.

"टोपी कुठली साहेब? ती नाळ हाय. तिच्यातून रस आत जातो. थंड झालं की कापतो आमी."

"मग ही का ठेवली?"

"बाईंनी शपथ घातली. पोरगी तापातून उठली म्हणून तिचे काशाचे वाळे मोडायला दिले. आगीनं खाल्लं ते खाल्लं, म्हणाल्या, पण तुमी गुंजभर कापायचं न्हाई. नवस हाय."

नवस बोलून दाखवू नये, म्हणून वहिनी घरात काही बोलल्या नव्हत्या. मीही विचारलं नव्हतं, फक्त शिकवलं होतं.

मूर्ती परत दिली तेव्हा त्यांनी ती पदरानं पुसली. शेंड्यावर अंगठा थांबला.

"समदी हाय ना भावजी?"

दुकानदाराला अर्ध्या गुंजेसाठी तराजू पुन्हा धरायला लावणारा मी. "हाय," म्हणालो.

ती पुतणी आता लेकुरवाळी आहे, ठणठणीत आहे. तरी तिला ताप आल्याचं कळलं, की तो उतरेपर्यंत मी वहिनींच्या घरी जात नाही.