काचेवरचं कुंकू

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. ह्या ग्रुपवरचे अनुभव मी चहाबरोबर वाचायचे आणि नवऱ्याला वाचून दाखवून हसायचे... त्यामुळे आता माझ्यावर कोणी हसलं तर माझी तक्रार नाही. फक्त एवढं सांगते — हे घडलं तेव्हा भरदुपार होती आणि घर बायकांनी भरलेलं होतं.

आम्ही बर दुबईत राहतो. मी, सुहास, आमची इरा, आणि सासरे गेल्यापासून आई, म्हणजे माझ्या सासूबाई. सुहासचे इंग्रज बॉस रिटायर होऊन मायदेशी गेले, तेव्हा जाताना त्यांनी त्याला एक जुनं चित्र भेट दिलं. इंग्लंडमधली कुठलीशी नदी, पाण्यावर झुकलेली झाडं, लांब चर्चचं टोक. गुआश म्हणतात त्या रंगांतलं — जलरंगच, पण जाडसर. चित्रात माणूस एकही नाही. सुहासने ते हॉलमध्ये लावलं आणि आईंनी आपली खुर्ची त्याच्यासमोर ओढली ती ओढलीच.

तेव्हा घरात विषय एकच होता, आईंचं विसरणं. दूध उतू जायचं, गॅस चालू राहायचा, एकदा तर लिफ्टमधून भलत्याच मजल्यावर उतरून दुसऱ्यांची बेल वाजवत बसल्या. आम्ही दोघं ऑफिसात, इरा शाळेत. सुहासने पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात चौकशी करून ठेवली होती. आईंना ते कळलं होतं. मी घरी आले की सारखं मला विचारत राहायच्या, "हे करू का? ते निवडू का?"

चैत्रातल्या हळदीकुंकवाला, सुट्टीच्या दिवशी, बिल्डिंगमधल्या बायका आल्या. आंब्याची डाळ झाली, पन्हं झालं. सासरे गेल्यापासून आईंनी करंड्याला हात लावला नव्हता. मीच म्हटलं, "आई, तुम्हीच लावा सगळ्यांना. माझ्या घरात हा भेद नाही." आधी नको नको म्हणाल्या, मग लावलं. आणि शेवटी करंडा घेऊन थेट चित्राकडे गेल्या! चित्राच्या खाली काचेआड पांढऱ्या पुठ्ठ्याची पट्टी असते ना, तिच्यावर, काचेवरूनच, त्यांनी कुंकवाचं बोट टेकवलं.

"ह्या राहिल्या होत्या."

"आजी, देअर्स नो वन देअर!" इरा ओरडली.

"वाकलीय ना गं, धुणं धुतेय. काळं नेसलीय. म्हणून काय तिला वगळायचं?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सुहासचा चेहरा पडला. पाहुण्या गेल्यावर तो मला हळूच म्हणाला, "खलास. मी पुण्याला कन्फर्म करतो." आणि रागारागाने चित्र उतरवायला गेला, तर ते हातातून निसटलं आणि काच तडकली.

बॉसची भेट, तशी ठेवून कसं चालेल? आम्ही दोघं ते मीना बाजारातल्या फ्रेमवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने मागचा तपकिरी कागद फाडला, खिळे काढले, पांढरा पुठ्ठा उचलला आणि म्हणाला, "मॅडम, नीचे और पेंटिंग है. पुठ्ठे की खिडकी छोटी काटी थी किसीने."

खाली नदीचा अलीकडचा काठ होता. दगडावर बोटभर उंचीची एक बाई, वाकून धुणं धुणारी. काळ्या कपड्यांत.

मी तडकलेली काच अलगद चित्रावर ठेवून पाहिली. कुंकू तिच्या डोक्यावर आलं. अगदी मधोमध नाही हं, जरा उजवीकडे — आईंचा हात थरथरतो.

"अंकल, ये पहले किसीने खोला होगा?" सुहासने विचारलं.

"नहीं साब. पुराना कागज, पुराना गोंद. बरसों से बंद है."

मी हरतऱ्हेने विचार केला. उजेडात पुठ्ठ्यातून दिसलं असेल? चांगला जाड होता. बॉसने सांगितलं असेल? सुहासने मेल केला, तर त्यांनाच ती बाई माहीत नव्हती. नवरा गेला की तिकडे बायका काळं घालायच्या, हे मी नंतर वाचलं. आईंना ते कोण सांगणार? कुणाला काही उत्तर सुचलं तर जरूर लिहा.

नव्या पुठ्ठ्याला मोठी खिडकी कापून घेतली आणि चित्र पुन्हा लावलं. आईंना म्हटलं, "बघा, तुमची बाई." मला वाटलं, खूश होतील. त्यांनी जवळ जाऊन नीट पाहिलं आणि कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"हीच. पण हिची मुलगी कुठे गेली?"

मुलगी कुठेच नव्हती. बाईच्या डाव्या हाताला कागदच संपत होता, आणि ती कड कात्रीने वेडीवाकडी कापलेली होती. ते मी दुकानातच पाहिलं होतं, तेव्हा काही वाटलं नव्हतं.

मी सुहासकडे बघितलं. एरवी तो म्हणाला असता, "आई, औषध घेतलंस का?" त्याने एक खुर्ची उचलली, आईंच्या खुर्चीला खेटून ठेवली आणि बसला.

"केवढी होती गं, आई? सांग ना मला."