दोन सूर खाली

गिटारराव कोणाच्याही घरी गेले की पाण्याच्या पेल्याकडे बघायच्या आधी कोपऱ्यात गिटार आहे का ते बघत. असली, की परवानगीबिरवानगी काही नाही. सरळ उचलायची, मांडीवर घ्यायची आणि खुंट्या पिळायला लागायचं. मी बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून चेन्नईला गेले आणि अण्णा नगरात त्यांच्या खालच्या मजल्यावर बिऱ्हाड मांडलं, तेव्हा ते स्वागताला म्हणून आले आणि माझ्या गिटारला भिडले. प्रवासात तुटू नयेत म्हणून मी तारा सैल केल्या होत्या. "अय्यो! हे वाद्य आहे की वाळत घातलेलं लुगडं?" म्हणाले, आणि सहाही तारा जागेवर आणल्याशिवाय कॉफीला हात लावला नाही.

घराणं तंजावरचं. मराठी आपल्या खापरपणजोबांच्या काळातलं, त्यात तमिळ शब्द पेरलेले आणि हेल तर संपूर्ण तमिळ. नोकरी लष्करी गाड्यांच्या कारखान्यात झाली. तिथल्याच एका सहकाऱ्याकडून गिटार शिकले आणि जन्मभर तिचेच होऊन राहिले. आडनावाने त्यांना कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. रिक्षावालेसुद्धा 'गिटार राव वीडु' म्हटलं की घरापाशी आणून सोडत.

त्यांचा एकच धर्म होता: स्टँडर्ड ट्यूनिंग, म्हणजे सहाही तारा ठरलेल्या सुरांवरच. हल्लीची मुलं गळ्याला सोपं जावं म्हणून गिटार अर्धा सूर, एक सूर खाली उतरवून ठेवतात, हे ऐकलं की त्यांचं डोकं फिरे. "गाणाऱ्याने सुराकडे यावं. सुराने गाणाऱ्याकडे जाऊं नये," असं ते मुलाला, रघूला, लहानपणापासून बजावत आले होते. रघू आता जर्मनीत. त्याला मराठी मोडकं येतं, पण हा नियम पक्का येतो, असं अक्का हसून सांगायच्या.

अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. संध्याकाळी राव वाजवायचे आणि अक्का घरातले जुने पाळणे म्हणायच्या. राव स्वतः कधी गात नसत. "गळा तिचा, बोटं माझी. वाटणी झालेली आहे," म्हणायचे. भांडण झालं तरी ही बैठक चुकत नसे. फक्त त्या दिवशी एकमेकांकडे बघायचं नाही.

मग अक्कांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, बोलता एक शब्द येत नव्हता. पाणी हवं तर त्या तोंड उघडायच्या, ओठ थरथरायचे, आणि मग डोळ्यांतून घळाघळा पाणी. आमच्याने ते बघवत नसे. वाचा सुधारायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, बोलणं गेलं तरी कधी कधी गाणं शाबूत राहतं. शब्द चालीवर बसवून पाहा. रावांनी त्याच दुपारी चाल बांधली. पाच शब्दांची: 'पाणी दे मज, पाणी दे.'

आठवडे गेले, अक्कांना तो सूर लागेना. गळा पार खाली बसला होता. त्या जोर करायच्या, मानेच्या शिरा फुगायच्या, नुसती हवा बाहेर यायची. मी एकदा धीर करून म्हटलं, "राव, थोडी उतरवा ना." ते माझ्यावर असे उखडले की मी जिना उतरून खाली आले. सूर चढवायचा तर गिटारच्या मानेला चिमटा लावून भागतं. उतरवायचा तर तारा सैल करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते तर त्यांच्या लेखी पाप.

पण हट्ट तरी किती दिवस करणार? एका सकाळी त्यांनी मला वर बोलावलं. गिटार मांडीवर होती. "तार हव्या त्या सुराच्याही खाली न्यावी आणि मग वर आणावी. नुसती उतरवून सोडली तर पुन्हा घसरते," ते माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलत होते. अर्धा सूर. अक्का गप्प. एक सूर. गप्प. दोन सूर खाली आल्यावर त्यांनी छेडलं, आणि अक्कांच्या तोंडून, घोगरं, वाकडं, पण स्वच्छ ऐकू आलं: 'पाणी दे मज.' राव तांब्या आणायला धावले ते दाराच्या चौकटीवर आपटले. कपाळाला टेंगूळ घेऊन हसत होते.

एवढ्या खाली नेहमीच्या तारा लुळ्या पडून फडफडतात. म्हणून ते टी. नगरच्या गर्दीतून जाड तारा घेऊन आले. दुकानदाराने बजावलं होतं, या तारा खालच्याच सुराला ठेवा. वर चढवल्या तर त्यांच्या ताणाने ब्रिज उखडेल. ब्रिज म्हणजे गिटारच्या पोटावरची ती लाकडी पट्टी, जिला तारांची टोकं अडकवतात. रावांनी ही ताकीद घरात येणाऱ्या प्रत्येकाला दिली. कामवालीलाही दिली.

रघूला द्यायची राहिली. तो आईला बघायला पहाटेच्या विमानाने आला. राव औषधं आणायला गेले होते. आईशेजारी बसला, गिटार उचलली, ती उतरलेली दिसली, आणि बापाने शिकवलं होतं तेच त्याने केलं. कडाड आवाज मला खालपर्यंत ऐकू आला. मी वर धावले तर ब्रिज तारांना लोंबत होता, गिटारच्या पोटाची ढलपी निघाली होती आणि रघू पांढराफटक. "मी फक्त सुरात लावत होतो," तो पुन्हा पुन्हा तमिळमध्ये म्हणत होता. मागून राव आले. त्यांनी बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस कोसळतो. ते म्हणाले, "परवाइल्लै, असू दे, रघू. चिकटवलेलं जुनं झालं होतं. आज ना उद्या निघणारच होतं."

गिटार दुरुस्तीला गेली. दमट हवेत डिंक वाळेना. रावांनी दुसऱ्या गिटारी मागून आणल्या, मोबाइलवर सूर लावून पाहिला; अक्का मान फिरवून घ्यायच्या. रघूची रजा संपली, तो गेला. त्यानंतर अक्कांना दुसरा, लहानसा झटका आला. गिटार घरी आली तेव्हा रावांनी ती दोन सूर खाली लावली, छेडली आणि थांबले. पुन्हा छेडली. अक्का नुसत्या बघत राहिल्या. राव दुपारपर्यंत छेडत होते. शेवटी मीच त्यांचा हात धरला.

तेवढ्यात रघूचा फोन आला. रावांनी तो स्पीकरवर घेतला. "आली गिटार? अम्मा गायली?"

रावांनी अक्कांकडे पाहिलं. "गायली की," म्हणाले. "पाणी मागितली."

"ऐकव ना, अप्पा. एकदाच."

रावांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी फोन उशीवर ठेवला, गिटार घेतली आणि माझ्याकडे बघून हात जोडले. तारा वाजल्या. ओळ मला पाठ होती, आणि तो सूर माझ्याही गळ्याला जड नव्हता. मी आवाज घोगरा केला, शब्द वाकडे केले आणि म्हटलं, 'पाणी दे मज, पाणी दे.'

पलीकडे रघू मोठ्याने रडायला लागला. "अम्मा, अम्मा," म्हणत राहिला. रावांनी फोन बंद केला आणि तोंडावर पंचा धरला.

मी अक्कांकडे वळले. त्यांचे ओठ हलत होते आणि डोळे तांब्यावर खिळले होते. त्यांना खरोखरच तहान लागली होती.