बाबा आज बोलत बोलत पाखाडी चढले

वाडीतल्या सगळ्यांनो, मला तोंडावर बोलायला जमत नाही, म्हणून मंडळाच्या फळ्याशेजारी हा कागद लावतेय. शाळा सातवीत सुटली, चुका सांभाळून घ्या.

गिरणी बंद पडून बाबा गावी आले, तेव्हा त्यांचं हृदय कमजोर झालेलं. ओटीवरून परसात जाताना धाप लागायची, पाय सुजायचे. औषधांनी सूज उतरली, तेव्हा रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, आता रोज चाला. बोलता येईल एवढ्याच जोरात चालायचं, बोलताना दम लागला की थांबायचं.

पण आपल्याकडे ओटीवरनं हाक आली की बसल्याशिवाय सुटका नाही. चहा होतो, चालणं राहतं. वर मलाच ऐकवतात, "बापसाला मारशील गो."

आज देवळाकडे चढणाऱ्या पाखाडीच्या पहिल्या दगडी पायरीशी शेजारची काकी खुर्ची घेऊनच उभी. "बसा हो भावजी. पोरीला अक्कल नाही."

बाबा थांबले नाहीत. चढता चढता म्हणाले, "वहिनी, तिला अक्कल आहे म्हणून मी चालतोय. तुमच्या कोंबड्या आमची मेथी खातात, ते बघा आधी."

काकी खुर्ची उचलून भांडत मागे आली. अर्ध्या पाखाडीत दमून स्वतःच तिच्यावर बसली. बाबा देवळापाशी पोचले तरी बोलतच होते.

माझी छाती फुगलेली.

एक विचारायचंय. उद्या बाबा दिसले तर त्यांना बसवण्याऐवजी तुम्हीच उतरून थोडं बरोबर चालाल का?