पहिलं गाणं गावदेवीचं

आमच्या बँजो पार्टीने शहापूर-मुरबाडच्या हळदी गाजवल्या. गायचो मी, बँजोही माझाच. शाळा फार झाली नाही. पण मांडवात पहिलं गाणं गावदेवीचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. नवरदेव खोळंबला तरी चालेल, ते गाणं पुरं झाल्याशिवाय नाचाचं गाणं मी कधी उचललं नाही.

कॅसेटी मागे पडायला लागल्या तेव्हा वाशिंदचा पुतण्या म्हणाला, "काका, आपली गाजलेली गाणी सीडीत घालू. कॉम्प्युटरवर लावली की आपले फोटो दिसतील. ढोलकीवर दाबलं की नुसती ढोलकी वाजेल."

छाती फुगली माझी. कल्याणच्या कॉम्प्युटरवाल्याने केलंही झकास. माझ्या फेटेवाल्या फोटोवर दाबलं की मी हात जोडायचो! पण पडद्यावर सगळी गाणी एका रांगेत मांडलेली. पुतण्याने दाबलं, आणि थेट नाचाचं गाणं सुरू.

"आन गावदेवी?" मी विचारलं.

"ती काय, रांगेच्या टोकाला," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "ज्याला जे पाहिजे ते त्याने दाबायचं, बाबा. मजाच ती आहे."

"मजा तुझ्या घरी. आमच्या मांडवात आल्या आल्या कुणी नाचाया उतरत नाय."

तो समजावून थकला. जेवून आला, तरी मी त्याच खुर्चीत. शेवटी चिडून त्याने तसं करून दिलं: गावदेवीचं गाणं संपेस्तोवर बाकी काही उघडणार नाही.

झालं! लोकांनी सीडी घरी नेली, दाब दाब दाबलं, काही हलेना. दुसऱ्या दिवशी दुकानात परत. पुतण्या तणतणत आला, "काका, लोक म्हणतात सीडी बिघडलेली हाय!"

"मग थांबायला काय होतं त्यांना? गाणं काय रातभर चालतं?"

"घरात कोण थांबतं, काका? ते कुलूप काढू या."

"नाय काढायचं."

नाही काढलं. मग मुरबाडच्या कुणी तरी आमची नाचाची गाणी तेवढी उचलली आणि नुसती गाण्यांची सीडी खपवली. फोटो नाहीत, ढोलकी नाही, देवीही नाही. ती मात्र घरोघरी गेली.

मला कळलं ते खर्डीला रिक्षात बसल्यावर. माझाच आवाज, आणि सुरुवातच नाचाच्या गाण्याने. डोकं सणकलं. रिक्षावाल्याला म्हटलं, "बंद कर ते."

"का, बाबा? मस्त पार्टी हाय. हल्ली असं कोण गातं?"

"बंद कर म्हणतो ना!"

त्याने बंद केलं, आणि मी गावदेवीचं गाणं धरलं. आवाज फाटलेला, बँजो नाही, बाजूची बाई पदर तोंडाला लावून हसतेय. उतरायची जागा आली तेव्हा शेवटचं कडवं बाकी होतं.

"उतरा ना, बाबा. मागं गाड्या थांबल्यात."

मागून भोंगे वाजत होते. मी कडवं पुरं केलं. मग उतरलो.

"आता लाव तुझं ते," म्हटलं.