आमच्या कंपनीत कोण काय करतं

माझी पुण्यातली नोकरी घरून करता येईल असं झालं, तेव्हा मी आणि नवरा मुरुमला, माझ्या सासरी, राहायला आलो. त्याला उमरग्याच्या एका कॉलेजात शिकवायचं काम मिळालं आणि बघता बघता आम्ही इथलेच झालो. माझं माहेर परंड्याकडचं. जिल्हा एकच, पण तिकडं कन्नड कुणी बोलत नाही. इथं घरात बोलणं मराठीत सुरू होतं आणि रंगात आलं की कन्नडमध्ये जातं. त्यामुळं पहिली काही वर्षं मला घरातल्या कुठल्याच भांडणाचा शेवट कळला नाही.

माझ्या थोरल्या नणंद, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, दोन गल्ल्या पलीकडं राहतात. त्या ब्लाउज शिवतात आणि मुलींचा शिवणक्लास चालवतात. लग्नसराईत त्यांच्याकडं कापडांचे ढीग लागायचे. प्रत्येक कापडाला मापाची चिठ्ठी टाचलेली असायची आणि चिठ्ठी गळाली की गोंधळ. एकदा एका नवरीचा ब्लाउज तिच्या मावशीच्या मापानं शिवला गेला. ताई डोक्याला हात लावून बसल्या होत्या आणि माझ्या डोक्यात मात्र मोबाईलवरचं ॲप तयार व्हायला लागलं होतं. कापडाचा फोटो, माप, द्यायची तारीख; ब्लाउज झाला की गिऱ्हाईकाला आपोआप मेसेज. सोपं काम वाटलं.

माझी पुण्यातली एक मैत्रीण भागीदार झाली. तीही माझ्यासारखीच प्रोग्रामर, माझ्याहून हुशार. आम्ही दोघींनी नोकऱ्या सोडल्या आणि कामाला लागलो. फार मजेचे दिवस होते ते. माहिती कशी साठवायची यावर आम्ही आठवडा आठवडा वाद घालायचो. दुकानाच्या कमाईचे रंगीत आलेख केले, पासवर्ड विसरला तर काय याची तीन-तीन प्रकारे सोय केली. मग मी लॅपटॉप घेऊन उमरग्याच्या शिलाईच्या दुकानांतून फिरले. बायकांनी कौतुकानं बघितलं, चहा पाजला, "लई भारी केलंय," म्हणाल्या. ॲप कुणीच घेतलं नाही. आम्ही परत बसलो आणि आलेख आणखी सुंदर केले. आम्हा दोघींना तेवढंच येत होतं. शेवटी मैत्रिणीला चांगली नोकरी चालून आली. ती हसतमुखानं गेली आणि मी एकटी उरले.

एका दुपारी मी ते ॲप ताईंच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ बोटानं वरखाली केलं.

"वैनी, हे डोंगरासारखं काय काढलंय?"

"महिन्याची कमाई. वाढली-घटली ते कळतं."

"ते मला गल्ला उघडला की कळतंय. मुंढ्याचं माप कुठं टाकायचं?"

मुंढा, म्हणजे बाही जिथं खांद्याला जोडतात तो घेर. आम्ही छाती, कंबर, उंची सगळं घेतलं होतं, मुंढाच राहिला होता. गळ्याचा प्रकार शब्दांत लिहायचा होता, त्याऐवजी चित्रावर बोट ठेवता यायला पाहिजे असं ताईंचं म्हणणं पडलं. आलेख गेले. आठवड्याभरानं त्यांनीच विचारलं, "मी यात भागीदार झाले तर चालंल का?" मला तर उडीच मारावीशी वाटली.

त्यानंतर जे झालं ते मला कधीच जमलं नसतं. ताईंच्या क्लासमधून शिकून गेलेल्या मुली आता लोहारा, सास्तूर, उमरगा, पार सीमेपलीकडं कर्नाटकातल्या आळंदपर्यंत आपापली दुकानं मांडून बसल्या होत्या. ताई बसमध्ये बसायच्या, दुकानात जाऊन आधी मुलीचं शिवण बघायच्या, चुकलेली शिवण उसवायला लावायच्या आणि मग मोबाईल काढायच्या. नाही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. दिवाळीच्या आधी आमच्याकडं इतकी दुकानं झाली की मी आनंदानं घाबरले.

घाबरायचं कारण फोन. सकाळपासून फोन वाजायचा. कुणाचा फोटो निघेना, कुणाचा मेसेज जाईना. मी प्रत्येकीला सर्व्हर म्हणजे काय ते समजावून सांगायची आणि ती जास्तच चिडायची. दिवस फोनवर जाई, मूळ बिघाड तसाच राही. काही दुकानांनी ॲप काढून टाकलं.

असाच एकदा मी आंघोळीला गेले असताना फोन वाजला आणि सासऱ्यांनी उचलला. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. सगळी नोकरी त्यांनी एसटी स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत काढली. मी बाहेर आले तर ते खुर्चीत ताठ बसून बोलत होते.

"कुठून बोलताय? सास्तूर. हां. मेसेज जाईना. बरं, माप दिसतंय का? दिसतंय ना? मग झालं, माप कुठं जात न्हाय. थांबा जरा." त्यांनी फोनवर हात ठेवला आणि मला विचारलं, "किती वेळ लागंल?"

"सांगता येत नाही अप्पा."

"अंदाज सांगा."

"चार वाजतील."

ते फोनवर म्हणाले, "पाच वाजेपर्यंत हुईल. न्हाय झालं तर मीच फोन करतो." पलीकडची बाई शांतपणे बरं म्हणाली. मी थक्क होऊन बघत राहिले.

"चार सांगितलं होतं मी," मी म्हणाले.

"मी ऐकलं. पण तुमचा चेहरा पाचचा हुता."

दुसऱ्या दिवसापासून फोन अप्पांकडं गेला. सकाळी चहा घेताना ते मला विचारायचे, आज काय काय बंद आहे आणि कधी सुरू होईल. त्यांना खरी वेळ द्यावी लागायची म्हणून मीही आधी बिघाड बघायला आणि मगच बोलायला शिकले. गेलेली दुकानं हळूहळू परत आली.

अप्पांचा एकच त्रास होता. ते फार खरं बोलायचे. येडशीच्या एका बाईंनी चौकशी केली तर त्यांनी विचारलं, "दिवसाला गिऱ्हाईक किती?" दोन-तीन असं उत्तर आल्यावर म्हणाले, "मग कशाला घेताय? चिठ्ठ्याच बऱ्या हायत तुमाला." ताई समोरच बसल्या होत्या.

"अप्पा, तुम्ही कंपनी बंद करायला बसलाय का?"

"चालत पोचतंय त्याला गाडीत कशाला बसवायचं?"

पुढचं कन्नडमध्ये झालं. चेहऱ्यांवरून मला एवढं कळलं की कुणीच जिंकलं नाही.

मग ताई आळंदला एका लग्नाला गेल्या आणि येताना तिकडच्या दुकानदारणींना ॲप कन्नडमध्ये देते असं कबूल करून आल्या. मी कपाळाला हात लावला. मला कन्नड येत नव्हतं. ताई आणि अप्पा कन्नड फडाफडा बोलतात, पण लिहिता-वाचता दोघांनाही येत नाही. मी कॉम्प्युटरकडून भाषांतर करून घेतलं आणि ते वाचणार कोण म्हणून सगळे एकमेकांकडं बघत बसलो.

"आणा इकडं," अव्वा म्हणाल्या.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर आळंदकडचं आणि शाळा कन्नड. पुढची खोली कंपनीनं खाल्ली म्हणून त्या आमच्यावर नाराजच असायच्या. त्यांनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली आणि हसत सुटल्या. "असं कोण बोलतं? कोर्टाची नोटीस आल्यावानी वाटतंय."

त्यांनी ते बदललं. निम्म ब्लाउज रेडी आग्याद, तगोंड होग्री. तुमचा ब्लाउज तयार झालाय, घेऊन जा, एवढंच. पण त्यांनी ते म्हटलं तेव्हा ताई आणि अप्पा दोघांनीही एकदम मान डोलावली. मग रोज दुपारी जेवण झालं की अव्वा माझ्याशेजारी बसू लागल्या. बाहीला तिकडं काय म्हणतात, अस्तराला काय म्हणतात, यावर त्या माहेरी फोन लावून वहिन्यांशी चर्चा करायच्या. कन्नड ॲप तिकडं आमच्या मराठीपेक्षा लवकर पसरलं आणि मलाही तेवढ्यात कामापुरतं कन्नड आलं.

पुढं धाराशिवला नव्या उद्योगांचा एक मेळावा झाला. मी आणि ताई गेलो. टेबलामागच्या एका गृहस्थांनी विचारलं, "तुमच्या टीममध्ये टेक्निकल माणसं किती?"

"मी एकटी," मी म्हणाले.

"मग बाकीचे काय करतात?"

ताईंनी सांगितलं. फोन, गिऱ्हाईक, कन्नड, शिवण, सगळं तपशिलानं सांगितलं. गृहस्थ मनापासून ऐकत होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "या सगळ्यांचं काम तुमच्या एकटीपाशी येऊन अडत असेल. तुम्ही आजारी पडलात तर?"

परतीच्या बसमध्ये मी राहिलेली कामं बोटांवर मोजत बसले. त्यांचं बरोबर होतं. अर्धवट राहिलेली कामं माझ्याचकडं साचलेली होती आणि माझं लिहिलेलं दुसऱ्या कुणाला दाखवायला मला आवडत नव्हतं. ताईंनी हळूच म्हटलं, "मीबी आधी दुसरीला कात्री लावू देत नव्हते, वैनी. पण मग लग्नसराईत मरायची पाळी आली."

उमरग्याची एक मुलगी, कॉलेज संपवून घरी बसलेली, आमच्याकडं आली. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या कामातल्या इतक्या चुका दाखवल्या की मी दिवसभर रुसून होते. संध्याकाळी अव्वांनी दोघींना एकाच ताटात भजी दिली आणि खाता खाता आमचं जमून गेलं. आज अप्पा-अव्वा धरून ती पाचवी भागीदार आहे. बिघाड लवकर निघतात, फोन कमी येतात, त्यामुळं अप्पांना आता दुपारची झोप मिळते.

सध्या नवीन विषय निघालाय. ताईंनी एका लग्नात दोन शर्टवाल्या टेलरांना ॲप देते म्हणून सांगून टाकलंय. पँट-शर्टचं माप आमच्यापैकी कुणालाच कळत नाही. ताईंनाही नाही, हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं. मुरुमच्या बाजारात एक जुने टेलर मास्तर आहेत, जरा तिरसट आहेत म्हणतात. उद्या ते आमच्याकडं चहाला येणार आहेत. अप्पा म्हणाले, बोलणं मी करतो. ताई म्हणाल्या, तुम्ही नुसतं बसा.