सोपी फेरी

सोपे मास्तरांच्या लेखी जगात एकही वाट अवघड नव्हती. त्यांचं खरं आडनाव शाळेच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. "एकदम सोपं आहे जी, बस दोन पावलं," असं म्हणत ते रविवारी पहाटे एखाद्याला उठवून बुऱ्हाणपुराबाहेर काढत, आणि दुपारी बारा वाजता तो निंबोल्यापलीकडच्या माळावर एक चप्पल पायात, एक हातात अशा अवस्थेत उभा असे. हा इसम बहुतेक वेळा मी असे, कारण बाकीचे शिक्षक शहाणे होते.

मी नागपूरहून आलेला गणिताचा शिक्षक. लग्नाला वर्ष झालेलं, पण बायको नागपुरात माझ्या आईवडिलांपाशी. तिच्या दर पत्राचा शेवट ठरलेला : "बदलीचं काय झालं?" मास्तर शेजारच्या खोलीत एकटे राहत. मूळचे वऱ्हाडातल्या मलकापूरचे, पण वीस वर्षांत पुरते इथले झालेले. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. मी नागपूरकर.

फेरीचे नियम मात्र कडक. झाडीत बोलायचं नाही. सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी वाजत. त्यांना परवानगी होती, मला नव्हती. झाडी संपून माळ लागला की बोलायची मोकळीक मिळे, पण तोवर माझ्यात दम उरलेला नसे. माळावर कमरेइतकं रोशा गवत. मास्तर त्याची काडी चुरडून माझ्या नाकाशी धरत.

"हुंगा, नागपूरकर. मिळतं का तुमच्या नागपुरात?"

"नागपुरात अत्तराची दुकानं आहेत, मास्तर."

"मग तिथंपर्यंत पण चालतच जाता ना जी?" ते म्हणत आणि पुढे चालू लागत.

झाडाचं पान तोडायचं नाही, खाली पडलेलंच उचलायचं, हा त्यांचा दुसरा नियम. ते पान हाती लागेल त्या कागदात घालत आणि घरी पाट्याखाली दाबून ठेवत. वर चटणी वाटली जाई, खाली वनस्पतिशास्त्र वाळत असे. तिमाहीच्या उत्तरपत्रिका परत मिळत तेव्हा मुलांच्या मार्कांशेजारी पळसाच्या शिरा उमटलेल्या असत. पालकांनी तक्रार केली नाही. मार्कांपेक्षा शिरा पाहण्यासारख्या होत्या.

पुढे राज्यांची फेरमांडणी निघाली. नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात जाणार, बुऱ्हाणपुरासकट निमाड नव्या मध्य प्रदेशात राहणार. कुठे जायचं त्याचा अर्ज शिक्षकांनी शनिवारपर्यंत हेडमास्तरांकडे द्यायचा आणि हेडमास्तर ते सगळे अर्ज घेऊन खांडव्याच्या कचेरीत जाणार. जो अर्ज करणार नाही, त्याचं सरकार बघून घेईल. मी अर्ज लिहिला, बायकोला तसं कळवूनही टाकलं आणि नेमका शुक्रवारी तापानं पडलो. मास्तर म्हणाले, "इकडे द्या. देऊन टाकतो. त्यात काय, सोपं आहे."

पुढच्या रविवारी माळावर बसून मास्तरांनी पिशवीतून एक कागद काढला. "हे पाहा, अंजनाचं पान कसं सुरेख वाळलंय!" पान खरोखरच सुरेख होतं. त्याच्याखाली माझी सही होती.

मास्तरांनी सही वाचली आणि पान पुन्हा तिच्यावर ठेवलं. मी पुष्कळ बोललो. माळावर बोलायला मनाई नव्हती. दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून खांडव्याला गेले आणि दिवसभर कचेरीच्या दारात उभे राहिले. "तारीख निकल गई, मास्टरजी," एवढं ऐकून परत आले. माझ्या दाराशी येऊन म्हणाले, "नागपूरकर, हे काही सोपं नाही हो." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो. त्यानंतर मला त्यांच्यावर धड रागावताही येईना.

मास्तरांनी स्वतःचा अर्ज केलाच नव्हता. "मी कशाला जातो जी?" असं त्यांचं म्हणणं. मग सरकारनं आम्हा दोघांचं बघून घेतलं. ज्याला जायचं होतं त्या मला बुऱ्हाणपुरात ठेवलं, आणि ज्याला माळावरचं गवत न् गवत ओळखत होतं त्याला जन्मगावाचा दाखला पाहून मलकापूरला पाठवलं. इतका काटेकोर न्याय मी गणितातही पाहिलेला नाही.

स्टेशनवर त्यांनी पानांची पिशवी माझ्या हातात दिली. "रविवार चुकवू नका." गाडी हलली तेव्हा मला रडू आलं. ज्या माणसानं माझी बदली पाट्याखाली घातली त्याच्यासाठी मी फलाटावर रडत होतो. नंतर त्यांची दोन पत्रं आली. दोन्हींत एकच प्रश्न होता : अंजनाला पालवी फुटली का? तिसरं पत्र त्यांच्या पुतण्याचं आलं. मास्तर गेले होते.

तोवर बायको बुऱ्हाणपूरला आली होती. अर्जाची हकीगत ऐकून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पुतण्याचं पत्र आलं त्यानंतरच्या रविवारी मी तिला पहाटे उठवलं. झाडीत ती गप्प राहिली. नियम मी सांगून ठेवला होता. माळ दिसला तशी ती थांबली, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "अजून किती चालायचंय?"

"एकदम सोपं आहे जी," मी म्हणालो, "बस दोन पावलं."